लीगमध्ये उरलेला एकटा

मारुंजीच्या चौकात टेम्पो आडवा आला आणि माझी स्कूटी बंद पडली. किक मारून दमले, तेवढ्यात शेजारी एक बाइक थांबली.

"लीगवाल्या मॅडम ना तुमी? ग्रुपवर फोटो बघितलाय."

परतीच्या पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते.

"मी इरफान, घोटावड्याचा. माझी टीम लॉक केलीत तुमी."

आमच्या ऑफिसातल्या लोकांनी मित्रमंडळींना घेऊन ऑनलाइन कबड्डी लीग काढली होती. खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडायची, ते खेळतील तसे आपल्याला गुण. वर्गणीचा हिशेब माझ्याकडे आला, कारण उदगीरहून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या जस्मीनला संध्याकाळी वेळच वेळ असतो... नियम साधा होता — वर्गणी जमा नाही, तर टीम लॉक, गुण बंद.

"इसरलो वो. आत्ता भरतो."

"भरा. पण गेलेले गुण मिळणार नाहीत."

"लई कडक हायेत तुमी!"

"सगळ्यांना सारखीच आहे."

तो हसला. एका किकमध्ये स्कूटी सुरू करून दिली आणि तिथंच वर्गणीही भरली.

मग त्याचे मेसेज येऊ लागले. 'जेवलात का? का त्येचाबी नियम हाय?' मी खोलीत एकटीच हसायचे... माझंच हसू मला परक्यासारखं ऐकू यायचं.

महिनाभरानं कळलं, पहिल्या नंबरावरच्या मनीषनं पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवला होता. तो ऑफिसात आमचा टीम लीड. दोनदा आठवण करून दिली, मग त्याचीही टीम लॉक केली.

"एवढ्याशासाठी, जस्मीन?" तो सगळ्यांसमोर म्हणाला.

त्यानं ग्रुप सोडला. पाठोपाठ एकेक जण गेला. दुपारी जेवायला मला कुणी हाक मारेना. मी सगळ्यांची वर्गणी परत केली आणि शेवटी इरफानला फोन लावला.

"तुमचेही पैसे पाठवते. लीग संपली."

"मी कुटं सोडलीय?"

"दोघांची लीग असते का कुठे?"

"मी कबड्डीसाठी थांबलोच न्हाई..."

"मग?"

"तुमी एकट्या पडू नये म्हणून. म्हंजे — तेवढंच न्हाई. तुमी आवडता मला."

समोरच्या सोसायटीत घराघरांत दिवे लागत होते.

"मलाही..." मी म्हणाले.

मग बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.