रूपरावांच्या नावावरचा बदल

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर स्वतःला थोडं चांगलं दाखवलं असतं.

मे २००७. वर्धा. दुपारचे दोन.

मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम बघायचो. देवळी आणि समुद्रपूरला आमची सेंटर्स होती, दोन्हीकडे एकेक सर्व्हर. सेटिंग बदलायची असली की रूपराव एसटीने तिकडे जायचे. पन्नाशीचे, शांत गृहस्थ.

फेब्रुवारीत मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. वर्ध्यात बसून कमांड द्यायची, दोन्हीकडे बदल आपोआप. घाईत रूपरावांचंच लॉगिन वापरलं. पासवर्डही स्क्रिप्टमध्ये उघडाच लिहिला.

आणि एक आकडा चुकला.

समुद्रपूर दिवसभर बंद. एका बाळंतिणीचा रिपोर्ट वेळेवर गेला नाही. ती वाचली, पण साहेब भडकले. लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय बदललं त्या नोंदीत, नाव होतं रूपरावांचं.

"मी तं बसमधी होतो ना, निकेश. तू सांग ना सायबाले."

मी मान खाली घातली.

त्यांना काढलं. दीड महिन्यात ते गेले. झोपेतच.

मग मी सगळं नीट केलं. लॉगिनसाठी प्रत्येकाची वेगळी डिजिटल चावी, तिला वेगळा पासवर्ड. बदल आधी तपासायचा, फसला तर आपोआप मागे घ्यायचा. रूपरावांचं खातं पुसून टाकलं.

मेमधल्या त्या दुपारी लॉगमध्ये ओळ आली...

रूपराव. प्रवेश नाकारला.

परत... नाकारला.

परत...

बाहेरून नाही. समुद्रपूरच्या सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवरून.

मी तिथल्या मंदाबाईंना फोन लावला. "सर्व्हरच्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाई जी. कुलूप आहे, चावी माह्याजवळ आहे." मग हळू आवाजात, "पण सर, आतून टकटक येऊन राह्यली. तुम्ही कोणाले पाठवलं काय?"

फोनमधून मलाही ऐकू आलं. एका बोटाने, सावकाश.

"दार उघडा."

कुलूप निघालं. आवाज थांबला.

"कोणीच नाई... कीबोर्डवर एसटीचं तिकीट पडून आहे, सर. सकाळीच तं पुसलं होतं मी!"

माझ्या स्क्रीनवर नवी ओळ होती.

प्रवेश दिला.

बदल एकच. फेब्रुवारीच्या त्या नोंदीतून रूपरावांचं नाव गेलं होतं...

तिथे माझं होतं.

साहेब पाच वाजता लॉग बघायचे.

मी माझं नाव पुसलं. परत रूपरावांचं टाकलं.

त्यानंतर ते आले नाहीत. कितीतरी दिवस दोन वाजता मी लॉग उघडून बसायचो. काहीच नाही.

दिवाळीच्या आधी देवळीच्या स्टँडवर त्यांची बायको भेटली, विमलाबाई. रागावल्या नाहीत. उलट चहा घेता काय, म्हणाल्या.

"शेवटपर्यंत म्हणत होते जी, निकेश सांगन सायबाले. सांगतलं ना तुम्ही?"

मी 'हो' म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यामागे बघत होत्या...

मग हळूच कोणाला तरी म्हणाल्या, "बघा, सांगतलं त्यानं."

मी वळून बघितलं नाही.