काचेवरची गुंडी

"अहो, पाय सांभाळा!"

"कुणाचा? माझा की हिचा?"

भर रस्त्यात, दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या असताना त्या दोघांचं पहिलं बोलणं झालं ते असं. मोटारसायकलवाला धडक देऊन केव्हाच पसार झाला होता. कुत्री रस्त्याच्या मधोमध पडून होती. ती तरुणी आपल्या कपडे दुरुस्तीच्या दुकानातून गळ्यातल्या टेपसकट धावत आली होती, आणि तो समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवता रंगवता शिडीवरून उतरला होता. तिने कुत्रीचं डोकं धरलं, त्याने मागची बाजू उचलली, आणि दोघं खेकड्यासारखे तिरपे तिरपे चालत फुटपाथवर आले. तिच्या पांढऱ्या ओढणीवर त्याच्या हाताचा निळा ठसा उमटला. तो धुतल्यावरही गेला नाही, आणि खरं सांगायचं तर तिने तो फार घासलाही नाही.

कुत्री भटकीच होती. तपकिरी अंग, काळंभोर गोल नाक. त्या नाकावरूनच तिचं नाव पडलं, गुंडी.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. पुढच्या डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. हाडाला धातूची पट्टी बसवायची तर शनिवारी बाहेरून सर्जन येणार होते, आणि शुक्रवारपर्यंत पैसे भरायला हवे होते. नाहीतर पाय काढावा लागणार होता. रक्कम ऐकून तिने मनातल्या मनात हिशेब केला. तिच्या दुकानाचं चार महिन्यांचं भाडं झालं असतं तेवढ्यात.

"तू अजून स्वतःच्या पायावर नीट उभी नाहीस," आई म्हणाली, "आणि निघालीस कुत्रीला उभी करायला!"

आईचं काही चुकत नव्हतं. दुकान उघडून जेमतेम आठ महिने झाले होते. पण कपाटाखालून गुंडीने नाक बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं ठरलं. आठवडाभर जे काम येईल, पँटची लांबी, बदलायची चेन, उसवलेली शिवण, त्याचे पैसे ज्याने त्याने मनाला येतील तेवढे डब्यात टाकायचे. डबा सगळा गुंडीच्या पायाचा.

"पण लोकांना कळणार कसं?" ती म्हणाली.

"मी आहे ना," पेंटर म्हणाला. "काच कोरी आहे तुमची. फार दिवस डोळ्यांत सलतेय."

दुसऱ्या दिवशी तो रंगांचे डबे घेऊन आला. पावसात रंग उडू नये म्हणून असल्या पाट्या काचेच्या आतल्या बाजूने रंगवतात, म्हणजे अक्षरं उलटी काढावी लागतात, तेव्हा ती रस्त्यावरून सुलट दिसतात. त्याचा हात उलट्या अक्षरांवर असा काही चालत होता की ती मशीन थांबवून बघत राहिली. 'कपडे आणा. शिवणार आम्ही, पैसे गुंडीच्या पायाचे.' खाली त्याने गुंडीला काढली. गोणपाटावर बसलेली, पुढच्या पायाला बँडेज, कान एक वर, एक खाली. हुबेहूब! मधूनमधून तो गुंडीकडे बघत होता. मधूनमधून आणखी कुठे तरी... आणि मग सुईत दोरा ओवता ओवता तिचा दोराच चुकायचा.

"असं बघू नका हो माझ्याकडे. बोटात सुई जाईल."

"मी गुंडीकडे बघतोय."

"गुंडी त्या कोपऱ्यात आहे."

तो पुढचा तासभर खाली मान घालून रंगवत होता.

तीन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कपाटांच्या तळाशी पडलेले कपडे घेऊन आले. एका बाईंनी तर तीन खिडक्यांचे पडदे टाकले. बुधवारी मात्र सगळं फिसकटलं. शेजारचे निवृत्त मास्तर, ज्यांनी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत चुका शोधल्या, ते काचेपुढे उभे राहिले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "चित्रात पाय उजवा मोडलाय. कुत्रीचा डावा. चित्र भलत्याच कुत्रीचं दिसतंय!"

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर कुजबुज पसरली. कुठलं तरी जुनं चित्र लावून पैसे गोळा करतात म्हणे. पडदेवाल्या बाई पडदे परत घेऊन गेल्या, न शिवलेलेच. डब्यात त्यानंतर काही पडलं नाही.

गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा ती त्याची वाटच बघत होती.

"भलत्याच कुत्रीला काढलंत तुम्ही! उद्या पैसे भरायचेत. तिचा पाय गेला तर..."

तो बाहेर गेला. काचेकडे पाहिलं. आत आला, पुन्हा पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अक्षरं उलटी काढली मी. हिला मात्र समोर दिसत होती तशीच काढली. आतून डावा पाय, बाहेरून उजवा... पंधरा वर्षांत असं कधी झालं नाही."

"मग आताच कसं झालं?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दोरा ओवताना तुम्ही जीभ बाहेर काढता," तो शेवटी म्हणाला. "एवढीशी."

तिला रागावायचं होतं. मनापासून रागावायचं होतं. जमलं नाही, आणि न जमण्याचाच तिला राग आला.

"आत्ताच्या आत्ता पुसतो," तो म्हणाला.

"नको. पुसलं तर चोरी पकडली म्हणून पुसलं म्हणतील." ती तरातरा शेजारी गेली. "मास्तर, चूक बरोबर काढलीत तुम्ही. आता आत या, आणि आतून बघा."

मास्तर आत आले. काचेवर गुंडी, काचेखाली गुंडी. दोघींचा डावा पाय बँडेजमध्ये. मास्तरांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, मग पेंटरच्या लाल कानांकडे आणि तिच्या खाली घातलेल्या मानेकडे. "अच्छा," ते म्हणाले, "असा घोटाळा आहे होय!" आणि खिशात हात घालून डब्याकडे गेले. त्यानंतर दोन दिवस ते दारातच खुर्ची टाकून बसले. जो बाहेरून चित्र बघून नाक मुरडेल त्याला हाताला धरून आत आणायचे. पडदे परत आले. शुक्रवारी थोडे कमी पडत होते, तेवढे आईने मुकाट्याने डब्यात टाकले.

शनिवारी पट्टी बसली. पण पंधरा दिवस उलटले तरी गुंडी पाय टेकवेना. तीन पायांवर लंगडत पाण्याच्या वाडग्यापर्यंत जायची, परत यायची. डॉक्टर म्हणाले, हाड नीट बसलंय, भीती गेली की टेकवेल. न गेली तर... ते वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

समोरची पाटी पूर्ण झाली. पेंटरला या रस्त्यावर यायचं काही कारण उरलं नाही. आज मात्र तो ब्लेड घेऊन आला होता. लोक अजून पैसे टाकत होते, अक्षरं खरवडायलाच हवी होती. रंगाचे कपटे खाली पडताना बघून तिने मशीन थांबवलं.

"गुंडी राहू द्या," ती हळूच म्हणाली.

"उलटीच?"

"आतून सुलट आहे ती."

तो थांबला. मग त्याने कुंचला निळ्या रंगात बुडवला आणि गुंडीच्या शेजारी लिहायला लागला. हात अडखळत होता. सरळ अक्षरांची सवय नव्हती त्याला काचेवर.

बाहेरून मास्तरांनी काचेला नाक लावलं. "अरे, हे काय? सगळं उलटं दिसतंय!"

"मास्तर, ते तुमच्यासाठी नाही," ती आतून म्हणाली.

आतून मात्र सुलट वाचता येत होतं: 'मला इथे रोज यायचंय. कारणं शोधून दमलो.'

"उत्तर... उद्या दिलं तरी चालेल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, डबे उचलले आणि दाराकडे निघाला.

गोणपाटावरून गुंडी उठली. तो जाताना दिसला की ती नेहमीच उठायची. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आणि मग डावा पंजा, थरथरत, फरशीवर टेकला. उचलला. पुन्हा टेकला.

"अरे, थांब ना!" ती ओरडली. अहो-जाहो कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही. "मागे बघ... चार पायांनी येतेय तुझ्यामागे."

त्याने मागे वळून पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि तू?"

तिने गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला.

"मी दोनच पायांनी येतेय," ती म्हणाली, "पण येतेय."