काचेवरचा दुसरा डिटेक्टर

लाकडं जरा पुढे सरकव रे, थंडी वाजतेय. आणि हसू नका पोरांनो. दामियान माझ्या शेजारचा. त्यानं स्वतः सांगितलंय मला.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची रात्र. शुक्रवारी चिमायोच्या देवळात पोहोचायचं म्हणून माणसं हायवेच्या कडेनं चालत होती, कुणाच्या खांद्यावर क्रूस, कुणाच्या हातात मेणबत्ती. दामियानची आई ऑरेलियाही त्यात होती. हाच पोरगा अपघातातून वाचला म्हणून अनवाणी चालायचा नवस बोललेली. हृदयाच्या गोळ्या मात्र घरी विसरली. बहिणीनं दामियानला फोन केला, "आईच्या गोळ्या तेवढ्या नेऊन दे." एवढंच काम.

पण हा सावकाश जाणारा नव्हे. गाडीच्या काचेवर दोन डिटेक्टर. पोलिसांचं वेग मोजायचं रडार जवळ आलं की ते ओरडतात, आणि हा पाय उचलतो. मी म्हटलं होतं, "एक पुरत नाही का रे?"

"काका, एक खोटं बोललं तर दुसरं सांगेल ना!"

दुसरा जुन्या बाजारातून आणलेला. काचेला चिकटवायच्या त्याच्या रबरी चकतीला शिळ्या मांसाचा वास यायचा. धुतलं तरी जाईना. त्या गाडीत बसलं की मी आधी काच खाली करायचो. त्याहून किळस यायची ती दामियानच्या बोलण्याची. तंबाखूची पिंक कपात टाकायचा आणि चालणाऱ्या भाविकांना म्हणायचा, "बघा, मेंढरं निघाली." स्वतःची आई त्यांच्यातच, तरीही!

त्या रात्री गोळ्या घेऊन निघाला. गाव मागे पडलं. त्यानं वेग वाढवला. दुसरा डिटेक्टर किणकिणला. पहिला गप्प. दामियान हसला. दोन यंत्रं जवळजवळ असली की एकमेकांमुळेच ओरडतात, हे दोन लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. त्यानं पहिल्याची वायर काढली.

दुसरा ओरडतच राहिला. आणखी जोरात.

वास वाढला. सडका. ओला. त्यानं बाजूची काच खाली केली... वास आतलाच.

दुसऱ्याचीही वायर उपटली.

तरी... किण. किण. किण.

चकतीखालून काहीतरी काळपट ओघळू लागलं. चिकट. त्याला ओकारी आली. एक हात तोंडावर... पाय ब्रेकवर.

गाडी थांबली.

आवाजही.

दिव्यांच्या उजेडात, गाडीपासून हातभर... अनवाणी पावलं. विझलेली मेणबत्ती.

त्याची आई.

"पोरा, तू?" ती धापा टाकत म्हणाली. "कडेला काटे बोचले म्हणून डांबरावर आले रे. ती बाई केव्हाची मला कडेला ओढत होती. हात किती गार तिचे... कुठे गेली?"

रस्त्यावर कुणीच नव्हतं. कडेला फक्त एक लहानसा क्रूस, कागदी फुलं घातलेला. गेल्या वर्षी याच रात्री एका बाईला उडवून कुणीतरी पळून गेलं होतं.

दामियाननं आधी आईला गोळी दिली. मग बूट काढले, गाडीला कुलूप लावलं, आणि तिचा हात धरून चिमायोपर्यंत चालत गेला. देवानं त्याला अजून एकदा वेळ दिला, असंच मी मानतो.

दुसऱ्या दिवशी गाडीपाशी परत आला तेव्हा कुलूप तसंच होतं. दुसरा डिटेक्टर मात्र नव्हता; त्या बाईला उडवणाऱ्या गाडीतलाच असावा तो. काचेवर चकतीचा गोल डाग, आणि त्यात एक लांब काळा केस. गाडी अजून त्याच्या अंगणात उभी आहे. मी स्वतः नखानं खरवडून बघितलं. आतून... बाहेरून...

तो केस काचेच्या पोटात आहे.