यादीबाहेरचा मुलगा

ज्योतीराम काळोखे आकुर्डीच्या शाळेत गणित आणि कवायत शिकवायचे. माणूस काटेकोर. पोरं कुठंही न्यायची झाली, की गाडीत चढताना एकदा आणि उतरताना एकदा मोजायची, हा त्यांचा नेम. म्हणूनच पंचाहत्तर सालच्या माघात चाकणच्या माळावर लढाईच्या सिनेमाचं शूटिंग ठरलं, तेव्हा हेडमास्तरांनी पोरांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

सिनेमा होता हातात बंदुका दिलेल्या पोरांचा. तेरा-चौदा वर्षांची पोरं लढाईवर निघतात आणि परत येत नाहीत, एवढीच गोष्ट. गुरुजींनी सातवीतली चोवीस पोरं निवडली, आईबापांच्या सह्या घेतल्या आणि तीन दिवस सिनेमावाल्यांच्या ट्रकमधून नेली-आणली. माळावर दारूचे बार उडायचे. धुरळा आणि गंधकाचा वास घशात बसून राहायचा. शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर गुरुजींनी ट्रकमध्ये चढणारी डोकी मोजली. चोवीस. फळी लावली आणि ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

वर्षभरानं त्या सिनेमाला मोठं पारितोषिक मिळालं. शाळेत पेढे वाटले. आठवड्यानं दिग्दर्शक अण्णासाहेब स्वतः पुण्याहून आले. त्यांच्याकडं एक मखमली डबी होती आणि मोठा करून घेतलेला एक फोटो.

"बालकलाकाराचंही पदक आपल्यालाच मिळालंय," ते म्हणाले. "ओळ उंचवटा चढते आणि एक पोरगा थांबून मागं वळतो, ते दृश्य. परीक्षक त्यापाशीच थांबले म्हणे. आता ह्याचं नाव सांगा, गुरुजी. पदकावर कोरायचं राहिलंय."

गुरुजींनी फोटो हातात घेतला. कान जरा पुढं आलेले, ओठ सुकलेले. फोटो धरणाऱ्याकडंच बघत असल्यासारखे डोळे.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"असं कसं? तुमच्याच ओळीत चालतोय की." अण्णासाहेब घुटमळले. "खरं सांगायचं तर त्याला वळायला मी सांगितलंच नव्हतं. पण वळला तो बरोबर वेळेला."

गुरुजींनी फोटोतल्या ओळीतली डोकी बोटानं मोजली. पुन्हा मोजली. पंचवीस.

त्यांनी पोरांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाला तो आठवत होता.

"होता की, गुरुजी. माझ्याच शेजारी होता," जयसिंग म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. चोवीसच्या चोवीस पोरांच्या शेजारी तो होता. जाताना ट्रकमध्येही होता.

"आणि येताना?"

येतानाचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून गुरुजींना अन्न गोड लागेना. जाताना आपणच मोजायला चुकलो, पंचवीस नेली आणि चोवीस आणली, असं असेल तर? माळावर तर बार उडत होते. ते सायकल मारत चाकणला गेले, उंचवटा पायाखाली घातला, एकेक खड्डा काठीनं उकरून पाहिला. चौकीवर चौकशी केली. हरवलेल्या पोराची तक्रार कुठंच नव्हती. मग दर रविवारी फोटो पिशवीत घालून ते वस्त्या पालथ्या घालू लागले. बायको बोलायची थांबली.

पिंपरीत कारखान्यामागच्या चाळीत चिमाबाई गायकवाड म्हणून एक पंचेचाळिशीची बाई राहायची. दाराशेजारी बाबासाहेबांची तसबीर, खाली दोन झेंडूची फुलं. तिनं फोटो पदरानं पुसला.

"आमचा दादा हाय ह्यो. बेचाळीस साली वय वाढवून सांगितलं आन् पलटणीत गेला. चौदाचा व्हता. त्याचा फोटू काढलाच नव्हता कुणी. तुमाला कुठं घावला?"

"बाई, हा गेल्या साली काढलाय."

"आसंल," ती म्हणाली. "पर दादाच हाय."

लहानपणीची पुसट आठवण, असं म्हणून गुरुजींनी ते सोडून दिलं. पुढच्या रविवारी ते चऱ्होलीला गेले. तिथं सोजरबाई म्हणून एक म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वय सत्तरीचं. फोटो तिनं हातात घेतलाच नाही, नुसती बघत राहिली.

"थोरला भाऊ माजा. पयल्या लढाईत गेला. तवा मी धा वर्साची."

"आजी, नीट बघा."

"नीटच बघतीया. जाताना येशीपाशी आसाच वळला हुता." शेंगा सुपात टाकून तिनं हात झटकले. "साठ वर्सं झाली, गुरुजी. आजून पलटणीतनं सोडला न्हाई का वं त्याला?"

गुरुजींनी फोटो पिशवीत घातला. परतताना नदीच्या पुलावर ते सायकलवरून उतरले आणि चालतच घरी आले.

त्यानंतर त्यांनी फोटो कुणाला दाखवला नाही. पदक बिननावाचंच राहिलं. हेडमास्तरांनी मात्र फोटोला चौकट करून तो कचेरीत लावला, शाळेची शोभा म्हणून. गुरुजी त्याच्याकडं पाठ करून बसायचे.

जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले. एक तरुण बाई पोराला घेऊन आली. कस्तुरा तिचं नाव. नवरा स्कूटरच्या कंपनीत लागलेला, कुटुंब बीडकडून नुकतंच आलेलं. पोरगा सहा वर्षांचा. तेल लावून भांग पाडलेला, आईचं बोट घट्ट धरलेला.

गुरुजींनी टाक बुडवला. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली.

बाई भिंतीकडं बघून हसली.

"आमचं लेकरू थोरलं झाल्यावर अस्संच दिसंल बगा, गुरुजी. नाक, कान, सगळं."

गुरुजींनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी पोराकडं पाहिलं. पोरगा फोटोकडं बघत होता. त्यानं आईचं बोट सोडलं होतं.

"मला कधी जायचंय?" त्यानं विचारलं.

"सोमवारी," आई म्हणाली. "सोमवारपासून शाळा."

पण पोरानं तिला विचारलं नव्हतं. तो अजून भिंतीकडंच बघत उभा होता, उत्तराची वाट पाहत.