चॅपलचा नकाशा कुणी नेला?

"काकू, नकाशा गेला! लगेच या." सकाळी नऊला मराठी शाळेच्या विनीताचा फोन आला.

वसुधाकाकू अमेरिकेतल्या हर्नडनजवळच्या, मराठी शाळा भरते त्या जुन्या युनिटेरियन चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, पोचल्या. काकू निवृत्त इंजिनिअर. मूर्खपणा त्यांना मुळीच सोसत नसे. भिंतीवरची चौकट रिकामी होती. १८५१ साली सुताराने काढलेला छताचा नकाशा गायब. ओकच्या तुळया, लाकडी खुंट्या, लोखंडाचा एक खिळा नाही. ते छत मूळचंच असल्याचा एवढा एकच पुरावा. चॅपलला वारसा-वास्तूचा दर्जा द्यायचा का, याची अकराला सुनावणी होती. पुरावा नसेल तर चॅपल पाडून मराठी मंडळाचा नवा हॉल होणार होता.

मंडळाचा अध्यक्ष गिरीश आधीच येऊन दारात उभा होता. "केअरटेकरनेच केलंय. पोलिसांना कॉल करतो."

"कशावरून?"

"चिखलाच्या बुटांचे ठसे दारापर्यंत आहेत, आत एकही नाही. बाहेरचा चोर आला असं वाटावं म्हणून त्यानेच उमटवले. सिंपल आहे!"

मागच्या खोलीत राहणारा सत्तरीचा केअरटेकर क्लेटन टोपी हातात धरून उभा होता. नोकरी गेली तर ती खोलीही जाणार होती.

"जमिनीला तेल कधी लावलंस?" काकूंनी त्याला इंग्रजीत विचारलं.

"सातला. मग नाश्त्याला गेलो."

चॅपलच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या: क्लेटन, विनीता, गिरीश. काकू वाकून लाकडी जमीन बघत राहिल्या.

"आत ठसे आहेत, गिरीश. ओल्या तेलात मोज्यांचे फराटे. पाऊल चांगलं लांब, आणि विनीताचा पाय सहा नंबरचा. हा केअरटेकर वर्षानुवर्षं इथे बूट घालून वावरला. मग दारात बूट काढून आत येणारा कोण? देऊळ पाडायला निघालास, पण देवळात बूट घालवेनात! तुला चोरी चालते, बूट चालत नाहीत. काढ ते."

गिरीशने बूट काढले. पांढरे मोजे तळाशी तपकिरी झाले होते.

"नकाशा कारमध्ये आहे," तो पुटपुटला. "इश्यू करू नका ना, काकू. डोनर्सना कमिटमेंट दिलीय."

"आणि हॉलवर नाव तुझं. शी! नकाशा आण. आधी याची माफी माग."

क्लेटन नऊ वर्षं मंडळाच्या खुर्च्या मांडत आला होता. गिरीश त्याच्याकडे वळला आणि तोंड उघडून अडला.

"काकू," त्याने हळूच विचारलं, "याचं नाव काय?"