घेवड्याची साक्ष

माकणीहून लोहाऱ्याला निघालेल्या जीपमध्ये अर्पिताच्या दंडाला काहीतरी टोचलं. वळून पाहिलं तर शेजारच्या माणसाच्या मांडीवर भलंमोठं पोतं, आणि त्याच्या फाटक्या कडेतून उसाचं वाळकं पान बाहेर आलेलं. बाहेर अवेळी भुरभुर पाऊस, जीपची ताडपत्री खाली सोडलेली, आत माणसांची दाटी… सरकायला जागाच नव्हती.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"पाचट आहे का हे?"

"व्हय."

"लोहाऱ्यात पाचट कशाला नेताय?"

प्रश्न साधाच, पण अर्पिताच्या तोंडून तो चौकीतल्यासारखा आला. लोहाऱ्याहून रोज जाऊन-येऊन ती माकणीच्या शाळेत शिकवायची, आणि तिनं नुसतं रोखून पाहिलं तरी पोरं न केलेल्या खोड्या कबूल करायची.

हा मात्र हसला. "चष्म्याचं दुकान आहे माझं, तहसीलच्या रस्त्याला. गच्चीवर कुंड्यांत मिरच्या लावल्यात. ऊन वाढायलंय, माती झाकावी म्हणलं. चुलत्याचा ऊस तुटला, तिथनं आणलं." मग जरा थांबून, "तुमचे डोळे छान आहेत… म्हणजे, नंबर नसावा."

"दुकानात न येताच कळतं वाटतं तुम्हाला."

अर्पिता तोंड फिरवून ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत बसली. हसू आवरायला तिला बरेच कष्ट पडले, पण ते तिनं स्वतःशीसुद्धा मान्य केलं नाही.

त्याच आठवड्यात तो घराच्या फाटकाशी हजर झाला. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पाचटाची पोती.

"घर कुणी दाखवलं?" अर्पितानं फाटक न उघडता विचारलं.

"तुमच्या आईनं. चष्म्याची काडी बसवायला आल्या होत्या. परस झाकायला काही मिळंना म्हणत होत्या. मी रणधीर."

आई, म्हणजे कस्तुराबाई, आतून निवांत म्हणाली, "म्याच सांगितलं. त्यात काय एवढं?"

एवढं होतंच. वडील गेल्यापासून आईचा सगळा जीव त्या परसात होता. सकाळी वांग्यांशी बोलणं, दुपारी टोमॅटोंना काठ्या बांधणं. मागच्या वर्षी एका ओळखीच्या माणसानं "डोळे झाकून न्या" म्हणत गव्हाचं काड दिलं. ते तणनाशक मारलेल्या रानातलं निघालं. वाफ्यांवर घातल्यावर पंधरवड्यात पानं आखडली, रोपं बसली, आणि आईनं त्यानंतर कितीतरी दिवस परसाचं दार उघडलं नाही. जेवायलाही हाका माराव्या लागायच्या. पुन्हा तसं झालं तर आई सावरणार नाही, हे अर्पिताला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून यंदा ती कशालाच हो म्हणत नव्हती. प्लास्टिकचा कागद इथल्या उन्हात मुळं शिजवील. लाकूड कापायच्या अड्ड्यावरचा भुसा कुठल्या लाकडाचा, त्याला काय लावलेलं, कोण सांगणार? सोयाबीनचं भुस्कट वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या घरात जाईल. आणि आता हे पाचट, तेही फुकट, तेही हसतमुखानं आणून दिलेलं.

"ह्या उसाला तणनाशक मारलं होतं का?"

"न्हाय," तो लगेच म्हणाला. जरा जास्तच लगेच.

तिनं फाटक उघडलं, पण पोती भिंतीशी ठेवायला लावली. मग दोन कुंड्यांत घेवडा पेरला. एका कुंडीत पाचट मिसळून वर त्याचंच भिजवणीचं पाणी, दुसरीत नुसती माती. घेवड्याला विष सोसत नाही, तो खरं सांगेल.

रणधीर दुकान बंद करून रोज डोकवायचा.

"उगवला का?"

"उगवेल तेव्हा उगवेल."

"आणि न्हाय उगवला तर?"

"पोती परत न्यायला या."

"म्हणजे कसंही झालं तरी यायचंच आहे."

ती चहा द्यायची, तो बशीत न ओतता कपानंच प्यायचा, सावकाश… उगाच सावकाश. एकदा आईला दिसावं म्हणून अंगणातला दिवाही बदलून गेला. एवढा चांगुलपणा अर्पिताला खुपत होता. हा कुंड्या बदलायचा एखाद्या वेळी, असं मनात येऊन तिनं त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवल्या. आई म्हणाली, "लई झालं तुझं."

घेवडा उगवला. दोन्ही कुंड्यांत सारखाच, हिरवागार. अर्पिताला इतका आनंद झाला की तो घेवड्याचाच आहे, असं म्हणायची सोय उरली नाही.

रविवारी सकाळी तिनं पहिलं पोतं सोडलं. वांग्यांच्या बुडाशी चार मुठी पसरल्या असतील, तेवढ्यात मोटरसायकल थांबली.

"पसरू नका," रणधीर फाटकातूनच म्हणाला. "काल गावाकडं गेल्तो. चुलत्यांना विचारलं. ऊस लहान होता तवा तणनाशक मारलं होतं म्हणले."

"तुम्ही नाही म्हणाला होता."

"मला माहीतच नव्हतं. अंदाजानं म्हणलं."

"का?"

"तुम्ही फाटक उघडलं नसतं म्हणून."

अर्पिताचा राग डोक्यात गेला. म्हणजे शंका खरीच होती. ती बरंच बोलली, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग दोघं वाकून पाचट परत भरू लागले. पोत्याच्या तोंडाशी हात हाताला लागला… आणि तिला एकदम सुचलं, घेवड्यानं तर ह्याला निर्दोष सोडलं होतं. हा गप्प बसला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

"घेवडा चांगला आलाय," ती हळूच म्हणाली.

"असंल. जोर उतरलाही असंल त्याचा. पण काकूंच्या परसावर मी अंदाज करणार न्हाय." त्यानं पोती बांधली. "येतो, मॅडम."

"परस उघडंच राहिलं की."

तो थांबला.

"तहसीलच्या आवारात कडुलिंबाचा पाला पडतोय ढिगानं. त्याला कुणी फवारत नाही. मी झाडते, तुम्ही पोतं धरा."

"एका पोत्यानं भागायचं न्हाय."

"मग पुन्हा यावं लागेल." ती थोडी अडखळली. "फक्त… जे माहीत नसेल, ते माहीत नाही म्हणायचं. जमेल?"

"जमेल."

"मग सांगा. मी आवडते का तुम्हाला?"

रणधीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं बराच वेळ घेतला, आणि तो वेळ तिला फार आवडला.

"हे माहीत आहे," तो म्हणाला. "व्हय."

"मलाही," अर्पिता म्हणाली, आणि खराटा आणायला आत गेली.