'बस' म्हणायचं राहिलं

दुपारी साडेतीन वाजता सुपरवायझरची जीप मागे जाता जाता जमीन खचून आत गेली.

लख्ख ऊन होतं. माणसं कामावर होती. माझा सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर उभा होता. हे लिहिण्याआधी त्याला पुन्हा विचारलं. त्याने एक शब्दही बदलला नाही.

दादा तेव्हा डंपर चालवायचा. एका बंद कारखान्याची जमीन रसायनांनी नासली होती. ती विषारी माती खणायची, जाड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात टाकायची आणि वरून कायमची झाकायची, असं काम होतं.

खड्ड्याच्या काठावर एक माणूस उभा असायचा. डंपर मागे येताना ओरडायचा, "येऊ दे… येऊ दे… बस!" त्याचं नावच 'येऊदे' पडलं होतं.

"काय रे, घरीपण असंच ओरडतोस?" दादा चिडवायचा.

"घरी 'बस' म्हणायचं राहतं. म्हणून तर पाच पोरं!"

एके दुपारी "येऊ दे… येऊ दे…" ऐकू आलं.

"बस" आलंच नाही.

दादाने ब्रेक दाबला. आरशात कोणी नव्हतं.

"थांबलास का? खाली कर!" सुपरवायझर ओरडला.

"तो दिसत नाहीये, साहेब."

"गेला असेल पाणी प्यायला. कर खाली!"

दादाने हौदा उचलला.

संध्याकाळी येऊदेची बायको फाटकावर चौकशीला आली. तोवर दादाला काठाची ढासळलेली माती दिसली होती.

"साहेब, खणून बघू या."

"खणलं की काम बंद. आणि माती कोणी टाकली? तूच ना?"

दुसऱ्या दिवशी दादाने पुढची खेप टाकली.

खड्डा भरला. झाकला गेला. वर सपाट मैदान झालं.

मग ती दुपार आली. सुपरवायझर जीप मागे घेत होता, त्याच मैदानाकडे.

आणि दादाला ऐकू आलं…

"येऊ दे… येऊ दे…"

जीपच्या मागे कोणी नव्हतं. सुपरवायझरने मात्र आरशात बघून मान डोलावली. कोणीतरी वाट दाखवत असल्यासारखी.

"येऊ दे…"

जमीन खचली.

जीपच्या काचा बंद होत्या, एकही फुटली नव्हती. तरी बाहेर काढला तेव्हा सुपरवायझरचं तोंड मातीने गच्च भरलेलं होतं.

जीप काढायला शेवटी खणावंच लागलं. खाली येऊदे सापडला. एक हात वर होता. बोटं आत वळलेली… कोणाला बोलावताना वळतात तशी.

दादाने ते काम सोडलं. स्वतःची गाडीही तो कधी मागे घेत नाही. सरळ पुढे निघता येईल अशीच लावतो.

परवा शेजाऱ्याने नेमकी पुढे गाडी लावली. दादाला मागे घ्यावी लागली. वहिनी मागे कुंपणाच्या भिंतीपाशी उभी होती.

"बस! अहो, बस! बस!"

गाडी येतच राहिली.

वहिनीने बाजूला उडी मारली. गाडी भिंतीवर आदळून थांबली.

मी पोचलो तेव्हा दादा स्टिअरिंग धरूनच बसला होता.

"वहिनी एवढी ओरडत होती 'बस' म्हणून. ऐकलं नाहीस?"

"ती ओरडत असेल रे," दादा म्हणाला. "त्याने कुठे म्हटलंय अजून?"

गाडी तिथेच आहे. हात लावायला कोणी तयार नाही. आज सकाळी वहिनीचा फोन आला. मागच्या चाकांखालची जमीन बोटभर खचली आहे.